माहेर बडोद्याचे, सासर इंदूरचे : बाळाचे नाव ठरवताना कोणते नियम पाळावेत?

बडोद्याची लेक

नमस्कार. माझे माहेर बडोद्याच्या दांडिया बाजारातले आणि सासर इंदूरचे. पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आले आहे आणि पुढच्या महिन्यात बाळ येणे अपेक्षित आहे. मुलगा की मुलगी हे ठाऊक नसल्यामुळे दोन्हींसाठी विचार चालू आहे. पण घरच्या व्हॉट्सॲप गटावर रोज नवी नावे येऊन पडतात, कुणाला अर्थ पटत नाही, कुणाला तेच नाव शाळेतल्या एखाद्या नावडत्या वर्गमित्राची आठवण करून देते, आणि चर्चा पुन्हा मूळपदावर येते. म्हणून नावे गोळा करणे थांबवून आधी नियम ठरवावेत, असे आम्हा दोघांचे मत झाले.

नाव फार तर चार अक्षरी असावे, त्याचा अर्थ आजीला सहज सांगता यावा, चुलत-मावस भावंडांत ते आधी ठेवलेले नसावे आणि वडिलांचे नाव व आडनाव जोडून ते एका दमात म्हणून पाहावे, इथवर एकमत आहे. घोडे अडते ते पुढे. जन्म बडोद्याचा, म्हणजे दाखला गुजराती आणि इंग्रजीत मिळणार. शाळा इंदुरात, म्हणजे हिंदीचे राज्य. आणि घरात मराठी. यादीत सध्या प्रज्ञा, ऋतुजा, जुई, अदिती, ओवी, यज्ञेश आणि मल्हार ही नावे आहेत. त्यातच सासूबाईंना पत्रिकेतल्या चरणाप्रमाणे अक्षर हवे आहे आणि नणंदबाईंचे म्हणणे असे की नाव ठेवण्याचा मान आत्याचा. आपापल्या घरी कोणते निकष लावलेत आणि त्यांतल्या कोणत्या निकषाला नकाराधिकार दिलात, हे वाचायला आवडेल.

रामबागकर, इंदूर

ताई, नकाराधिकार द्यायचाच असेल तर तो कानाला द्यावा, असे माझे मत आहे. आपल्या यादीतले प्रज्ञा हेच नाव घ्या. आपण त्यातला 'ज्ञ' द्न्य असा उच्चारतो, इंदुरात त्याचा ग्य होतो आणि बडोद्यात ग्न. देवनागरीत लिहिताना हा फरक दिसत नाही, परंतु इंग्रजीत लिहायची वेळ आली की तीन निरनिराळी स्पेलिंगे पुढे येतात : मराठी घरात डी-एन-वाय, हिंदी घरात जी-वाय आणि गुजराती घरात जी-एन. दाखल्यावरचे स्पेलिंग एक, शाळेने आपल्या कानाला धरून लिहिलेले दुसरे, असे झाले की आधारपासून पासपोर्टपर्यंत शपथपत्रांचे शुक्लकाष्ठ मागे लागते. यज्ञेशलाही हेच लागू आहे.

ऋतुजाची गोष्ट थोडी निराळी आहे. 'ऋ'च्या बाबतीत गुजराती आपल्या बाजूची आहे, दोघेही रु म्हणतात. हिंदीत मात्र रि होतो. त्यामुळे बडोद्यात बिनघोर चालणारे नाव इंदुरात रितुजा म्हणून हाक मारून घेईल, आणि बाई कितीदा दुरुस्त करतील? जुईतला आपला दंत्य 'ज' या दोन्ही शहरांत कुणालाच येत नाही. इंदुरात तर तिची सरळ जूही होईल. अदितीचा शेवट आपण दीर्घ लिहितो, हिंदी व गुजराती ऱ्हस्व लिहितात, पण इंग्रजी स्पेलिंग बदलत नसल्याने त्यावर डोकेफोड करू नये.

नाव मुलाचे की मुलीचे, हेही प्रांताप्रांताने बदलते. आपल्याकडे स्नेहल म्हटले की मुलगी डोळ्यांपुढे येते. गुजरातेत ते मुलाचेही नाव असते. इकडे शिक्षा नावाच्या मुली भेटतात, कारण हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण. अशी मुलगी सून म्हणून पुण्याला गेली तर गृहप्रवेशाच्या उखाण्यात काय होत असेल, या विचाराने मला नेहमी हसू येते.

आमच्या घरी कसोटी साधी होती. निवडलेले नाव कागदावर लिहून शेजारच्या हिंदीभाषक काकूंना मोठ्याने वाचायला दिले आणि नंतर तेच नाव फोनवर सांगून पलीकडच्या माणसाने काय लिहून घेतले ते विचारले. दोन्हींत जे टिकले तेच बारशापर्यंत गेले. आपल्या यादीत ओवी आणि मल्हार या कसोटीला उतरतील असे वाटते. ओवीचा अर्थ मात्र इकडे प्रत्येकाला समजावून सांगावा लागेल.

लष्करचे आजोबा, ग्वाल्हेर

रामबागकरांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, परंतु ते टोकाला नेले तर आपल्या नातवंडांसाठी य, र, व, न एवढीच अक्षरे शिल्लक राहतील. आमच्या ग्वाल्हेरात शिंद्यांचे सिंधिया झाले आणि काळ्यांचे काले झाले, कारण हिंदीत 'ळ' नाही. आडनाव आपल्या हाती नव्हते, नाव तरी आहे. प्रज्ञा हे नाव शेजाऱ्याला अवघड जाते म्हणून टाकून द्यावे, हे मला मान्य नाही. शेजारी चार दिवसांत शिकतो.

माझा नियम असा की नावामागे घरातले किंवा इतिहासातले कुणीतरी माणूस असावे. पूर्वी नातवाला आजोबांचे नाव देत. राजघराण्यांतही तेच दिसते. १८७६ साली जन्मलेल्या माधवराव महाराजांचे नाव १९४५ साली जन्मलेल्या त्यांच्या नातवाला मिळाले. यातली अडचण अशी की सुनेने सासऱ्यांचे नाव घ्यायचे नसे, म्हणून तेच नाव असलेल्या मुलाला ती बाळ, नाना, अप्पा असे काहीतरी म्हणे, आणि तो म्हातारा होईपर्यंत बाळच राही.

याच थोरल्या माधवराव महाराजांनी ब्रिटिश राजा-राणीच्या सन्मानार्थ आपल्या मुलांच्या नावांआधी जॉर्ज आणि मेरी लावले होते. लोकांच्या तोंडी राहिले ते जिवाजीराव आणि कमलाराजे. इथल्या विद्यापीठाच्या पाटीवरही जिवाजीच आहे. सध्या इंटरनेटवरच्या याद्यांत 'यांश'वर संपणारी जी नावे दिसतात, त्यांचा अर्थ एका ठिकाणी विष्णूचा अंश तर दुसऱ्या ठिकाणी सूर्यकिरण असा दिलेला असतो. कोशात सापडत नाही असे नाव ठेवू नये, एवढे माझ्या म्हणण्यावरून तरी करा.

बडोद्याची लेक

दोघांचेही आभार. आजोबा, आपला मुद्दा माझ्या वडिलांना फार पटला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे मूळ नाव गोपाळराव होते आणि १८७५ साली दत्तक आल्यावर ते बदलले, हे त्यांनी लगेच ऐकवले. प्रज्ञा यादीत ठेवत आहोत, मात्र स्पेलिंग आधी ठरवून. यज्ञेश आणि जुई गळाले. दाखल्याबद्दल मात्र अजून संभ्रम आहे : पत्रिकेतले अक्षर जन्मानंतरच कळणार आणि रुग्णालयात तर लगेच नाव विचारतात, असे ऐकले आहे.

जुना कारकून, बडोदे

घाई करण्याचे कारण नाही. जन्माची खबर २१ दिवसांत जायला हवी आणि रुग्णालयातला जन्म असेल तर ती रुग्णालयच देते; पण बाळाचे नाव त्या वेळी कोरे ठेवता येते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ मध्ये नाव मागाहून नोंदवण्याची तरतूद आहे. १२ महिन्यांपर्यंत शुल्क नाही आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव भरता येते. अर्थात इतके थांबू नये, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट या सगळ्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. बारसे होऊ द्या, आठवडाभर त्याच नावाने हाक मारून पाहा आणि मग अर्ज भरा.

नोंद जन्म जिथे झाला तिथेच होते, म्हणून अर्जात गुजराती आणि इंग्रजी ही दोन्ही रूपे स्वतःच्या हाताने लिहून द्या. कारकुनाच्या कानावर सोडू नका. वडिलांचे नावही तपासा. इकडे त्याला 'भाई' किंवा 'कुमार' जोडण्याची सवय आहे आणि इंदुरात 'अमुक पिता तमुक' असे लिहितात. आईवडिलांच्या आधारवर जे आहे तेच, त्याच क्रमाने असावे.

घुगऱ्यावाली मावशी, इंदूर

पत्रिकेच्या अक्षराबद्दल सासूबाईंशी वाद घालू नये. बाळ हस्त नक्षत्रावर आले तर चरणाक्षरे पू, ष, ण, ठ अशी आहेत. तिसऱ्या चरणावर जन्मले तर 'ण'वरून नाव आणणार कुठून? म्हणून पत्रिकेत नावरस नाव वेगळे मांडून ठेवायचे आणि व्यवहारात आवडीचे ठेवायचे, ही आपल्याकडची जुनीच सोय आहे. सासूबाईंना ते पत्रिकेतले नाव निवडू द्या.

नणंदबाईंचा मानही त्यांना द्या, पण नाव तुम्ही दोघांनी आधी पक्के करून त्यांच्या हाती सोपवा. बाळाच्या कानात कुर्र करून ते सांगतीलही त्या आणि पाठीत धपाटेही त्याच खातील. मात्र पाहुण्यांच्या देखत ऐनवेळी दुसरेच नाव पुकारणाऱ्या आत्या मी पाहिल्या आहेत, तेव्हा पाळण्यावर लावायच्या पाटीवर नाव आदल्या दिवशीच रंगवून घ्या.