एचएफ गाईला म्हणे थंडी वाजत नाही!

बांधावरचा (औसा): काल एका भाऊनं इथं ठोकून दिलं, "एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी दुधाळ गाय) थंड मुलखातली, तिला मराठवाड्याची थंडी काय वाजणार, अमेरिकेत हजारो जनावरं बर्फात उघड्यावर पोसतात अन् आपले येडे गोठ्याला बारदानं बांधत बसतात." डोकंच सटकलं. मुक्त गोठा (गायी न बांधता मोकळ्या) माझाही आहे, सात गायी. पण तुम्ही अर्धंच सांगायलाव. तिकडं फीडलॉटला, म्हणजे जनावरं पोसायच्या उघड्या वाड्यांना, वाऱ्याच्या बाजूनं आडोसा करतात, जनावराला कोरडं बसता यावं म्हणून वाड्यात मातीचे उंचवटे करतात, खाली भुसकट टाकतात. दाट लव आलेली कोरडी गाय उणे 7-8 पर्यंत निभावते, तीच चिंब भिजली की 15 अंशाखालीच खाल्लेलं अंग गरम ठेवण्यात जायला लागतं, दूध कशातून देईल? 15! आपल्याकडं डिसेंबरात पहाटे त्याच्या खालीच असतं.

दूधवाला_अहमदपूर: तो भाऊ मीच. डिसेंबरात चिंब भिजलेली गाय आणली कुठून साहेब? इथं जूनात पाऊस पडंना. माझ्या अकरा गायी, मे महिन्यात पारा 42 ला गेला की धापा टाकतात अन् दूध पार खाली, थंडीत परत चढतं, वही दाखवतो पाहिजे तर. एचएफचा वैरी उन्हाळा. चारी बाजूनं कोंदट केलं की मुताचा वास डोळ्यात जातो अन् वासरं खोकायला लागतात, ते कोण सांगणार?

उदगिरी: म्हणून म्हणतो आपली देशी देवणी पाळा. ना ऊन ना थंडी.

दूधवाला_अहमदपूर: अन् तिच्या थोड्या दुधात कर्जाचा हप्ता तुम्ही भरा.

बांधावरचा (औसा): पाऊस कुठून म्हणे! 2013 च्या ऑक्टोबरात तुमच्या अमेरिकेतच, साउथ डकोटात, आधी पावसानं भिजवलं मग बर्फाचं वादळ, हिवाळ्याची लव आली नव्हती, हजारोंनी गायी मेल्या. त्या काय धाराशिवच्या होत्या? अन् आपली 2014 ची गारपीट विसरलाव? माझी चार दिवसांची कालवड त्यात गेली. गारेचा मार लागून नाही, रात्रभर भिजून.

नंदा_परभणी: तुम्ही दोघं मोठ्या गायीवर भांडायलाव, थंडी खरी वासराला असते. मागं एकदा पुसात पहाटे साडेचारला धारेला गेले, रातच्याला व्यालेलं वासरू चिखलात तसंच. तोंडात बोट घातलं तर जीभ गार. चोखंनाच. घरात आणलं, सासूबाई ओरडल्या, गोणपाटानं खसाखसा पुसलं, चुलीपाशी ठेवलं, अंग तापल्यावर मग कोमट चीक पाजला. ती कालवड आता गाभण आहे. वही नाही माझ्याकडं.

कंपाउंडर_नाही: सोपं आहे, थंडीत संध्याकाळी कडबा जास्त टाका, चारा पोटात आंबताना ऊब येते.

बांधावरचा (औसा): कडबा? कुठला कडबा? शिवारात नजर जाईल तिकडं सोयाबीन! मागं दारात गंज असायची, आता पेंढी पेंढी मोजून विकत आणायलो.

कंपाउंडर_नाही: मग पेरा की ज्वारी. कुणी हात धरलेत?

बांधावरचा (औसा): तुम्ही उपटायला येता का? हाताला फोड येतात, बाया मिळंनात, मिळाल्या तर मजुरी ऐकून घाम फुटतो भर थंडीत. शिवाय पाखरं राखा. फुकटचे सल्ले!

उदगिरी: ज्वारी गेली तिथंच दावण रिकामी झाली. भाकरी शहरात हॉटेलात खायची अन् पेरायचं सोयाबीन.

दूधवाला_अहमदपूर: माझ्या बापानं वीस वर्षं ज्वारी पेरली, कर्जच फेडलं. सोयाबीन आलं तेव्हा घराला पत्रे पडले. हॉटेलातली भाकरी खाणाऱ्यांनी शिकवू नये.

उदगिरी: मी घरची खातो. तोंड सांभाळून.

नंदा_परभणी: थंडीवर बोला की.

दूधवाला_अहमदपूर: बरं, ताईंच्या वासरापुरतं मान्य. मोठ्या गायीला काही होत नाही म्हणजे नाहीच. तरी काल उत्तरेची एक बाजू बारदानांनी बंद केली, वर हातभर मोकळी ठेवून. एकच बाजू! कुणी हरलो म्हणू नये, बायकोनं लावली.

नंदा_परभणी: बारदानं युरियाची नाहीत ना? गायी चाटतात, विषबाधा होईल.

दूधवाला_अहमदपूर: ...युरियाचीच आहेत. थांबा, सोडून येतो.