‘ट्रान्समिट पॉवर’ला मराठीत काय म्हणाल?

कृष्णाकाठ:
तासगाव भागातल्या बेदाणा शेडवर बसवायच्या राउटरचं मराठी माहितीपत्रक लिहितोय. चॅनेल, चॅनेल विड्थ आणि ट्रान्समिट पॉवर या तीन सेटिंगपाशी गाडी अडलीय. मी ‘वाहिनी’, ‘वाहिनीरुंदी’ आणि ‘प्रक्षेपणशक्ती’ असं लिहिलं होतं. कच्चं पत्रक एका शेडमालकांना वाचायला दिलं, तर म्हणाले, “वाहिनी म्हंजे? ह्याच्यावर बातम्या लागत्यात व्हय?” आणि ‘प्रक्षेपणशक्ती’ खोडून वर पेनानं ‘रेंज’ लिहिलं. रेंज चालेल का? मला ते खटकतंय.

विट्याचा_वायरमन:
रेंज अजिबात नको. “माळावर रेंज येत नाही”, “आत गेलं की रेंज जाते” असं आपण म्हणतो. येते-जाते ती रेंज, म्हणजे मोबाइलपाशी पोचतं ते. ट्रान्समिट पॉवर हा राउटर किती जोरानं सोडतो त्याचा आकडा. तो डीबीएम या एककात असतो; २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट, २३ केलं की जवळपास दुप्पट. लोक हा आकडा चढवतात, मोबाइलवर रेंज फुल दिसते, आणि फोटो पाठवायला गेलं की चक्र फिरतच बसतं. राउटरचं बोलणं मोबाइलला ऐकू येतं, पण मोबाइलचा आवाज तितका मोठा नाही, त्याचं उत्तर राउटरपर्यंत धड पोचत नाही. पत्रकात ‘रेंज वाढवा’ छापलंत तर हाच घोळ घरोघरी होणार.

शब्दनिष्ठ:
‘पारेषण’ तयार असताना नवीन शब्द कशाला हवा? महापारेषण कंपनीचं नाव गावोगावी माहीत आहे. पारेषणशक्ती लिहा. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे सावरकरांचे शब्दही एकदा नवेच होते. वापरले म्हणून रुळले.

मिरज_जंक्शन:
पारेषण म्हटलं की आमच्याकडे रानातून गेलेली हाय टेन्शन लाइनच डोळ्यासमोर येते. त्यापेक्षा ‘प्रेषण’ घ्या. पाकिटावर ‘प्रेषक’ आपण लिहीत आलोच आहोत. प्रक्षेपण मात्र आता अग्निबाणाचं झालं.

जुना_श्रोता:
प्रक्षेपण इतक्या सहज सोडू नका. आकाशवाणीचं सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर ऐकत आमची पिढी वाढली. कार्यक्रमाचं ‘प्रसारण’ आणि लहरींचं ‘प्रक्षेपण’ हा फरक आम्ही तिथूनच शिकलो. क्षिप् म्हणजे फेकणे. राउटरही लहरी फेकतोच, मग शब्द चुकला कुठे?

म्हैसाळकर:
पॉवरचं तुम्ही बघा, मी चॅनेलचं सांगतो. ‘चारी’ म्हणा, रानात पाणी नेणारा छोटा कालवा असतो ती. इंग्रजीतले चॅनेल आणि कॅनॉल एकाच लॅटिन शब्दातून आलेत, आणि इथं म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यामुळं चारी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडं १ ते १३ चॅनेल. दोन नंबरांत अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ, पण प्रत्येकाची रुंदी २० मेगाहर्ट्झ. म्हणून सहसा १, ६ आणि ११ हे तीन घेतात, ते एकमेकांत न शिरता बसतात. शेजारी १ वर, पलीकडचा ६ वर, आणि तुम्ही मोकळा दिसतो म्हणून ३ घेतला, की दोन्हीकडनं पाझर! त्यापेक्षा शेजाऱ्याच्याच चारीवर जा. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांना ओळखतात, पाण्याच्या पाळीसारखं आळीपाळीनं बोलतात. अर्धवट शिरलेल्याचं बोलणं मात्र नुसता गोंगाट ठरतं.

कृष्णाकाठ:
हे समजावणं मी जसंच्या तसं घेणार. मग ‘चारीची रुंदी’ पण आपोआप बसते. २.४ वर रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवली तर जवळजवळ अर्धा पट्टा एकट्यानं अडवला, हेही त्यात सांगता येईल.

विट्याचा_वायरमन:
समजवायला चारी उत्तम. पण सेटिंगच्या पानावर नाव इंग्रजीत दिसतं. माणूस उन्हात उभा राहून मोबाइलवर ‘चारी’ शोधत बसला तर सापडणार नाही. चॅनेल, ट्रान्समिट पॉवर असंच देवनागरीत छापा.

शब्दनिष्ठ:
असं म्हणत म्हणत प्रत्येक यंत्रासोबत वीस शब्द आत येतात आणि आपले वीस जातात. ‘वारंवारता’ शाळेच्या पुस्तकात आहे म्हणून निदान टिकलीय. पत्रकात मराठी शब्द ठळक आणि इंग्रजी नाव खाली बारीक, एवढं तरी करा.

कराडची_सून:
चारीवर माझी हरकत आहे. माझ्या माहेरी मोठा तो पाट आणि रानात वळवून घेतलेला तो दंड. चारी हा पाटबंधारे खात्याच्या कागदावरचा शब्द वाटतो मला.

म्हैसाळकर:
कागदावरचा कसा? चर खणतात त्यावरूनच चारी, असं माझं ठाम मत आहे. आमची आजी कधी हापिसात गेली नव्हती, ती चारीच म्हणायची.

कराडची_सून:
मग ती दारं कशावर धरायची, म्हणजे पिकाला पाणी कुठनं वळवायची? आमच्यात दारं धरतात ती दंडावर.

जुना_श्रोता:
दंडावरच. पाटाला दार नसतं, पाट फोडतात.

म्हैसाळकर:
आमच्याकडं चारीलाही दार असतं, लोखंडी. चावी पाटकऱ्याकडं.