चुलीचा धूर आणि आईची धाप

यवतमाळकर
आई ५८ वर्षांची आहे. तिने कधी विडीला हात लावला नाही, तरी गेल्या महिन्यात स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी) केल्यावर डॉक्टरांनी सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे, निदान केले. २०१७ पासून घरात गॅस आहे. चहा, भाजी त्यावर होते. मात्र सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून आंघोळीचे पाणी आणि भाकरी अजूनही पऱ्हाट्यांच्या चुलीवरच असतात. पावसाळ्यात पऱ्हाट्या सादळल्या की ती तोंड चुलीपाशी नेऊन फुकणी फुंकते आणि पदराने डोळे पुसत राहते. एवढ्याशा धुराने खरेच बिघडते का? चूल पडवीत हलवली तर पुरेल का?

छातीचा डॉक्टर
बिघडते. सरपण अर्धवट जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइडबरोबर अडीच मायक्रॉनहून लहान कण सुटतात. ते नाकाघशात न अडता फुप्फुसांतल्या बारीक नळ्यांपर्यंत पोहोचतात आणि वर्षानुवर्षांच्या दाहाने त्या नळ्या अरुंद होतात. या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. आपल्या देशातली मर्यादा ४० आहे, आणि कोंदट स्वयंपाकघरात चूल पेटती असताना हे प्रमाण कित्येक शेकड्यांत जाते. विडी न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, त्यात चुलीचा धूर हे मोठे कारण म्हणून मांडले होते. झालेले नुकसान पुरते भरून येत नाही, म्हणूनच उरलेला श्वास जपायचा. बरे वाटले म्हणून इनहेलर मात्र सोडू देऊ नका.

रानवाट
मी गावोगावी सुधारित चुलींचे काम केले आहे. पडवीत धूर कोंडत नाही हे खरे, पण फुंकणाऱ्या बाईचे तोंड चुलीपाशीच राहते. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुली देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले: बाळांच्या वाट्याचा धूर निम्म्याने घटला, गंभीर न्यूमोनिया सुमारे एकतृतीयांशाने कमी झाला, पण एकूण न्यूमोनियात ठाम घट दिसली नाही. धूर निम्मा करून भागत नाही, असे मी त्यावरून समजते. भाकरीवरून आईशी वाद घालू नका, आधी पाणी चुलीवरून उतरवा. त्याला चवीचा प्रश्न नाही आणि जाळ सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागतो.

यवतमाळकर
ताई, आज घड्याळ लावून पाहिले. पाण्याला सव्वा तास लागला, भाकरींना पंचवीस मिनिटे. उद्यापासून पाणी विजेच्या हीटरवर तापेल, आणि भाकरी होईपर्यंत फुकणी माझ्या हातात राहील.