गुलमर्ग: मे महिन्यात जावं की जानेवारीपर्यंत थांबावं?

चिंचवडकर
मंडळी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात काश्मीर ठरतंय. आम्ही दोघं, मुलं (१२ आणि ७) आणि आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात). थोरला हटून बसलाय की स्कीइंग करायचंच. मे महिन्यात बर्फ असतो का? आणि गुलमर्गला रात्र काढावी, की श्रीनगरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं?

हिमवेडी
मे महिन्यात स्कीइंग विसरा. खरा हंगाम डिसेंबरअखेर ते मार्च. तुम्हाला बर्फ भेटेल तो वर अफरवाटच्या डोंगरावर, तोही ओला आणि मळकट. तिथे स्की पायात अडकवून, हात धरून चार पावलं नेणारे भेटतात. पोराला ते स्कीइंग म्हणून दाखवू नका, चिडेल.

मी दोनदा फेब्रुवारीत शिकायला गेले. पहिले तीन दिवस गोल्फ कोर्सजवळच्या सौम्य उतारावर पडायचं, उठायचं आणि स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग कमी करायचा, एवढंच. बूट इतके आवळलेले की रात्री पोटऱ्या ठणकायच्या. चौथ्या दिवशी एकदाची न पडता खाली पोचले! म्हणून म्हणते, शिकायचं तर पाच-सहा दिवस काढा. दोन दिवसांत फक्त ढुंगण शेकून येतं. आणि अफरवाटचे उतार नवशिक्यांचे नव्हेत, तिथे हिमस्खलन होतं.

अण्णा_ठाणे
आम्ही गेल्या मे महिन्यात आईला घेऊन गेलो होतो. गोंडोलाचे (म्हणजे केबल कारचे) दोन टप्पे आहेत. पहिला गुलमर्गहून (सुमारे २६५० मीटर) कोंगडोरीपर्यंत, दुसरा थेट अफरवाटला, सुमारे ३९५० मीटर. आपलं कळसुबाई १६४६, म्हणजे हिशेब करा! आईंना कोंगडोरीलाच चहा देऊन बसवा.

तिकिटं घरूनच ऑनलाइन काढा आणि सकाळची वेळ घ्या. आम्ही दुपारची घेतली, वारा सुटला आणि दुसरा टप्पा बंद. दोन तास मान वर करून रिकामे पाळणे बघितले.

गुलमर्गच्या घाटाखाली टंगमर्ग लागतं, तिथे ड्रायव्हर हमखास कोट-गमबूटच्या दुकानापाशी गाडी थांबवेल. माझ्या वाट्याला आलेला गमबूट आतून आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाने ओला होता. जाड मोजे दोन जोड न्या. पार्किंगला घोडेवाले घेरतील, ‘गोंडोला लांब आहे’ म्हणतील. चालत पंधरा-वीस मिनिटं, रस्ता सपाट. पण आईंसाठी घोडा कराच, फक्त भाव आधी ठरवा.

सोनचाफा
अण्णा, घोड्यावर चढता-उतरताना गुडघ्यांचं काय? सावकाश चालणं बरं.

राहायचं म्हणाल तर एक रात्र नक्की राहा. दिवसाची गर्दी चार-पाचला खाली उतरते आणि मग ते अख्खं कुरण तुमचं. आम्ही सेंट मेरी चर्चपाशी (१९०२ चं, दगडी) तासभर नुसते बसलो, समोर मेंढ्या आणि त्यांचा राखणदार. सकाळी आकाश स्वच्छ असेल तर नंगा पर्वतही दिसतो. गावाभोवती पाइनमधून जाणारी गोल वाट आहे, तिचा जमेल तेवढा तुकडा चाला. थोरल्याला झिपलाइन, एटीव्ही (जाड चाकांची चारचाकी बाइक) असली धडपड मिळेल. जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर फुलं. अलपथर तळं मे महिन्यात बहुधा गोठलेलंच असतं, तो ट्रेक जुलै-ऑगस्टमध्येच बघा.

चिंचवडकर
सगळ्यांना धन्यवाद! मे महिन्यात एक रात्र नक्की. आई कोंगडोरीपर्यंत, आम्ही चौघं वर. थोरल्याला सांगितलं, दहावीनंतर फेब्रुवारीत सहा दिवस. तो म्हणाला, ‘लिहून द्या.’ दिलं.

अण्णा_ठाणे
त्याच्या फेब्रुवारीसाठी आताच नोंद: बर्फ पडला की टंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या बांधलेली गाडीच लागते. आणि सिम पोस्टपेड घ्या, आमचं प्रीपेड श्रीनगर विमानतळावर उतरताच मुकं झालं होतं.