एक्सेलमधे फॉर्म्युला खाली ओढला की शून्य का येतं?

नुकतंच शिकतोय. उभा कॉलम, आडवी रो, दोन्ही भेटतात तो सेल, इथपर्यंत कळलं. पण बी२ मधे =ए२*डी१ लिहून खाली ओढलं की बाकी सगळीकडे शून्यच, दर तर डी१ मधे आहे ना?

> ओढलं की फॉर्म्युल्यातला सेलचा पत्तापण एकेक रो खाली सरकतो, म्हणजे बी३ मधे ए३*डी२ होतं आणि डी२ रिकामा, रिकामा सेल गुणाकारात शून्य धरतात म्हणून. $डी$१ कर, डॉलर लावला की पत्ता जागचा हलत नाही. फॉर्म्युल्यात डी१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबलंस की डॉलर आपोआप लागतात. हे एकदा नीट समजून घेच, पुढचं खूप सोपं जातं.

> अजून एक, आकडे सेलमधे आपोआप डावीकडे चिकटलेले दिसले तर ते बहुतेक टेक्स्ट झालेत, म्हणजे एक्सेल त्यांना आकडा न मानता नुसती अक्षरं मानतं, आणि रेंजची (सेलच्या पट्ट्याची) बेरीज करताना सम हा बेरजेचा फॉर्म्युला त्यांना धरतच नाही.

> एफ४ ने झालं, मनापासून थँक्स!