८८ टक्के चूक कामगाराची? हा आकडा आता बंद करा

चाकणचा टूलरूमवाला:
काल एका सेफ्टी ट्रेनर साहेबांनी लिहिलं की ८८ टक्के अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे होतात, म्हणून आधी त्याची मानसिकता बदला, ४ मार्चची, राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ मनापासून घ्या, सुरक्षा संस्कृती आपोआप येईल. खाली 'अगदी बरोबर'ची रांग लागली होती. मला राहवलं नाही.

हा आकडा १९३१ चा. हाइनरिक अमेरिकेत विमा कंपनीत होता. विम्याचे दावे आणि कारखान्यांच्या नोंदी चाळून त्याने तो काढला. त्या नोंदी लिहिणार कोण? मालक नाहीतर सुपरवायझर. 'मशीनवरचं संरक्षक कवच, म्हणजे गार्ड, मीच काढायला लावला' असं कोणी स्वतःच्या हाताने लिहील का? आजही कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरचे दुर्लक्ष' एवढंच येतं.

पत्र्याला साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून पार्ट काढणाऱ्या पॉवर प्रेसचं घ्या. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडायला नको, म्हणजे हात डायमध्ये राहूच शकत नाही. तरी बोटं जातात, कारण एक बटण पाचर ठोकून कायमचं दाबलेलं असतं आणि सेन्सर बायपास केलेला असतो. एका हाताने पार्ट टाकायचा, दुसऱ्याने बटण, ताशी नग वाढतात. प्रेसला थांबवणारा क्लच-ब्रेक झिजला की प्रेस डबल मारते, एकदा दाबलं की दोनदा पडते. हे मेंटेनन्सला माहीत असतं, पण संध्याकाळी गाडी लोड व्हायची असते. ऑपरेटरची मानसिकता बदलून क्लच नीट होणार आहे का?

जो मशीन बंद करतो त्याचा त्या दिवसाचा पगार आणि उद्याचं काम शाबूत राहतं का, एवढंच मी बघतो. राहत असेल तर तिथे संस्कृती आहे.

सेफ्टी ऑफिसर, रायगड पट्टा:
टूलरूमवाले, तुम्ही प्रेसवरून सगळ्या जगाचा निकाल लावताय. माझी सगळी नोकरी केमिकल प्लांटातच झाली. एका ठिकाणी सफाईसाठी टाकीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला. वर उभा असलेला त्याचा सोबती हाका मारत तसाच आत उतरला. श्वसनसंच दहा पावलांवर होता, फलक होता, ट्रेनिंग झालेलं होतं. दोघेही गेले. त्या दुसऱ्याला कोणी ताशी नग विचारले होते का? त्याच्या घरी मी गेलो होतो. म्हणून मी रोज तेच ते सांगतो, लोक कंटाळतात, तरी सांगतो. माणूस घडवावाच लागतो.

चाकणचा टूलरूमवाला:
साहेब, तुमचं दुःख मला कळतं, पण त्याला चूक म्हणू नका. डोळ्यांसमोर सोबती पडला की माणूस उतरतोच. म्हणून तर वर ट्रायपॉड म्हणजे तिपाई, दोर आणि आतल्या माणसाच्या अंगाला पट्ट्यांचा हार्नेस हवा, म्हणजे न उतरता ओढून काढता येतो. ते होतं का? आणि पहिला माणूस वायू तपासल्याशिवाय आत गेला कसा, आत उतरायच्या परमिटवर सही कोणाची होती?

सेफ्टी ऑफिसर, रायगड पट्टा:
ट्रायपॉड नव्हता. सही शिफ्ट इंजिनीअरची होती. पण तुमचं म्हणणं पूर्ण मान्य नाही. हार्नेस दिला तरी 'गरम होतं' म्हणून काढून ठेवणारे मी पाहिलेत.

डोंबिवलीकर, निवासी विभाग:
तुम्ही गेटच्या आतलंच बोलताय. आम्ही गेटच्या बाहेर राहतो, आम्हाला ना हेल्मेट ना शपथ. डोंबिवलीच्या कारखान्यातल्या २६ मे २०१६ च्या स्फोटात १२ माणसं गेली. २३ मे २०२४ ला पुन्हा स्फोट. दोन्ही वेळा लांबच्या इमारतींच्याही काचा फुटल्या. माझी आई काचांमध्ये बसली होती. तिच्या निष्काळजीपणाचे किती टक्के धरायचे?

लघुउद्योजक, फेज दोन:
ताई, आईंबद्दल वाईट वाटतं. पण डोंबिवलीची एमआयडीसी साठच्या दशकात आली, तेव्हा आजूबाजूला शेतं होती. नंतर बिल्डर आले, परवानग्या मिळाल्या, इमारती भिंतीला चिकटल्या. आता सगळे म्हणतात, कारखाने हलवा. माझ्याकडे चाळीस माणसं आहेत, त्यांना तिकडे रायगडात पाताळगंगेला रोज कोण नेणार?

डोंबिवलीकर, निवासी विभाग:
'आम्ही आधी आलो' हे उत्तर आहे का? निवासी विभाग एमआयडीसीनेच आखलाय, आम्ही घुसखोर नाही. शेजारच्या शेडमध्ये काय साठवलंय हे मला आजही ठाऊक नाही. निदान ते तरी गेटवर मराठीत लिहा.

लघुउद्योजक, फेज दोन:
आमच्या गेटवर लिहिलेलं आहे, येऊन बघा. सगळ्यांना एका पारड्यात घालू नका. एकाच्या रिअ‍ॅक्टरचं तापमान हाताबाहेर गेलं की बदनाम आम्ही सगळेच होतो.

डोंबिवलीकर, निवासी विभाग:
येतेच. आणि स्फोट झाला तर कुठल्या दिशेने पळायचं, हेही त्याच फलकावर हवं. ते नसेल तर पुन्हा इथेच लिहीन.

वाळूजची ऑपरेटर:
मूळ विषयावर बोलते. आमच्याकडे 'अपघाताविना दिवस' असा मोठा फलक होता. आकडा ठरलेल्या टप्प्यावर गेला की सगळ्या लाइनला भेटवस्तू. त्या महिन्यात माझ्याबरोबरच्या मुलीची दोन बोटं चिरली. ठेकेदाराच्या मोटारसायकलवरून तिला खासगी दवाखान्यात नेलं, 'घरी विळीवर कापलं' असं सांगायला लावलं. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, नोंदच नाही, मग रजेचे पैसे कुठले? आणि लाइनवरच्या बायाच तिला म्हणाल्या, गप्प बस, आमचा भेटीचा कुकर जाईल. कंपनीला काही बोलावंच लागलं नाही. सेफ्टी ऑफिसर दादा, तुमच्या प्लांटात असा फलक आहे का?

सेफ्टी ऑफिसर, रायगड पट्टा:
आहे. हेड ऑफिसला आकडा लागतो, काढणं माझ्या हातात नाही. बक्षीस मात्र चूक आहे, एवढं मानतो. निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, कळवणाऱ्याला द्यायला हवं. पण मग लोक खोटे निअर मिस लिहितात, हेही ऐका.

चाकणचा टूलरूमवाला:
लिहू देत. शंभरात पाच खरे निघाले तरी पाच माणसांची बोटं राहतील.

आणि कायद्याचं. जुन्या कारखाना कायद्यात सेफ्टी ऑफिसर १००० कामगारांना सक्तीचा होता. कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत ५००, धोकादायक कामाला २५०. आमच्याकडच्या साठ माणसांच्या प्रेसशॉपला यातलं काहीच लागू नाही, आणि बोटं तिथेच जातात. भोपाळनंतर १९८७ ला धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातल्या कामगाराला धोका वरिष्ठांच्या लक्षात आणून देण्याचा हक्क मिळाला. पण मशीन बंद करून बाजूला उभं राहण्याचा नाही.

लघुउद्योजक, फेज दोन:
साठ माणसांवर सेफ्टी ऑफिसर मला परवडणार नाही, उघड सांगतो. मोठ्या कंपन्या आमच्यासारख्या वेंडरचा, म्हणजे पुरवठादाराचा, दर दरवर्षी घासतात आणि ऑडिटला येऊन गार्ड कुठे विचारतात. गार्डचे पैसे त्यांनी दरात धरावेत, मी उद्या बसवतो.

चाकणचा टूलरूमवाला:
यात तुमच्या बाजूने आहे. पण पाचर काढायला दर लागत नाही, ती आज काढा.

वाळूजची ऑपरेटर:
पाचर काढली तर नग कमी येतात आणि ठेकेदार माणूस बदलतो. ते टार्गेट आधी कोण कमी करणार, ते लिहा.