भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट घेतोय, सल्ला हवा (पुणे, ६० लाख)

नवा_घरमालक
खराडीत नऊ वर्षं जुना वन बीएचके ६० लाखांना मिळतोय, रिसेल. दलाल म्हणतो २० हजार भाडं सहज येईल. कर्ज ४५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के. दुसरा पर्याय त्याच भागातला, बांधकाम चालू आहे, ताबा २०२९. स्वतः राहायचं नाही, फक्त भाड्याने द्यायचाय. हिशेब कसा मांडू, कागद कुठले बघू आणि करार कसा करू? जाणकारांनी सांगावं.

वहीखाते
२०,००० गुणिले १२, भागिले ६० लाख, म्हणून ४ टक्के परतावा, हे दलालाचं गणित. त्यात तुमचा पुरता खर्चही नाही आणि हातात पडणारं उत्पन्नही नाही.

पुणे मनपा हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार (घर फक्त बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी). नोंदणी फी ३० हजार. दलाली १ टक्का आणि तिच्यावर जीएसटी, साधारण ७० हजार. रंग, पंखे, गीझर, किचन ट्रॉली यांत दीड लाख कसे गेले ते कळतही नाही. झाले ६६ लाख ७० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक कर्जाच्या हिशेबात धरत नाही. म्हणजे तुमच्याकडे पावणेबावीस लाखांच्या आसपास रोख हवी, नुसते १५ लाख नव्हे.

आता उत्पन्न. वर्षाला ११ महिन्यांचंच भाडं धरा. एक गेला, दुसरा आला, मध्ये रंगसफेदी, यांत एक महिना जातोच. २ लाख २० हजार. वजा मेंटेनन्स ३० हजार, मिळकतकर १२ हजार, किरकोळ दुरुस्त्या १२ हजार, नवा भाडेकरू शोधण्याची दलाली सरासरी १० हजार. उरले १ लाख ५६ हजार. परतावा २.३ टक्के.

कर्जाचा हप्ता ३९ हजारांच्या थोडा वर, घरातून सुटतात महिना १३ हजार. दरमहा २६ हजार पगारातून घालायची तयारी असेल तरच पुढे वाचा. शिवाय सहा हप्त्यांएवढे पैसे वेगळे ठेवा. घर रिकामं पडलं आणि त्याच महिन्यात लिफ्टची वर्गणी निघाली, की ते लागतात.

मिळकतकराबाबत एक खाच. स्वतः राहणाऱ्याला पुणे मनपा ४० टक्के सवलत देते, घर भाड्याने दिलं की ती जाते. आत्ताच्या मालकाचं बिल सवलतीचं असेल तर तो आकडा तुमच्या हिशेबात घालू नका. माझे १२ हजार निव्वळ उदाहरणादाखल आहेत.

टक्केटोणपे
वहीखाते यांचा हिशेब बरोबर आहे, पण घर लोक भाड्यासाठी घेतच नाहीत हो, किंमत वाढेल म्हणून घेतात.

वहीखाते
मग तसं स्वच्छ म्हणायचं. २.३ टक्क्यांच्या उत्पन्नावर साडेआठ टक्क्यांचं कर्ज काढायचं, तर उरलेली सगळी भिस्त किंमत वाढण्यावर आहे. विकताना नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि २३ जुलै २०२४ पासून नव्या खरेदीला महागाई निर्देशांकाचा फायदा (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायची सोय) नाही. खराडीत नऊ वर्षं जुन्या इमारतीची स्पर्धा शेजारच्या कोऱ्या टॉवरशी असते, तेही ध्यानात घ्या.

नवा_घरमालक
भाड्यातून हप्ता निघेल असं धरून चाललो होतो. करातून काही सुटेल का?

वहीखाते
भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करायचा, उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट, मग कर्जाचं व्याज. दुरुस्ती आणि दलाली त्या ३० टक्क्यांतच आली, वेगळी दाखवता येत नाही. तुमचं पहिल्या वर्षाचं व्याज ३ लाख ८० हजारांच्या आसपास. म्हणजे कागदावर सव्वादोन लाखांहून जास्त तोटा.

जुन्या करप्रणालीत त्यातले २ लाख पगारातून वजा होतात, बाकीचे पुढची ८ वर्षं घरभाड्याच्या उत्पन्नातून. नव्या प्रणालीत पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर 'टॅक्स वाचतो' हे दलालाचं वाक्य सोडून द्या.

आणि खरेदीच्या वेळी विसरू नका: किंमत ५० लाख किंवा जास्त असली की १ टक्का टीडीएस विकणाऱ्याच्या पैशांतून तुम्ही कापून सरकारकडे भरायचा. इथे ६० हजार. विकणारा परदेशस्थ असेल तर १ टक्क्याचा नियम लागू नाही. कापायची रक्कम खूप मोठी असते, तेव्हा आधी सीएला विचारा.

सचिव_बी_विंग
बांधकाम चालू असलेला पर्याय पहिल्या घरासाठी मी तरी सुचवणार नाही. ४५ लाखांच्या वरच्या घरावर ५ टक्के जीएसटी, २०२९ पर्यंत भाडं शून्य, व्याज मात्र सुरू. घ्यायचाच तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते बघा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त मागू शकत नाही.

रिसेलला हे कागद: भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा मनपाचा दाखला; ते नसेल तर पुढे बोलूच नका), विकणाऱ्याचा नोंदणीकृत करार आणि आधीच्या सगळ्या व्यवहारांची साखळी, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सदस्यत्वाचं), सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, मिळकतकर आणि महावितरणची शेवटची बिलं, विकणाऱ्याचं कर्ज असेल तर बँकेचं पत्र. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल (मालकी आणि बोजे तपासलेला) घ्या. बँक करतेच म्हणून वेगळा न घेणारे बरेच असतात, पण बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालंय का, तेही विचारा.

कागदांत दिसत नाहीत अशा गोष्टी सोसायटीच्या ऑफिसात दिसतात. मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा. खराडी-वाघोली पट्ट्यात उन्हाळ्यात मेंटेनन्स कुठे जातो ते तिथे कळतं. फ्लॅट जमल्यास भर पावसात बघा. गच्ची किंवा बाहेरची भिंत गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीची, पण वरच्याच्या बाथरूममधून झिरपत असेल तर ती त्या सदस्याने करायची. हा दुसरा प्रकार वर्षानुवर्षं रखडतो. न्हाणीघराच्या छताला ताजा पीओपी दिसला की ठोकून बघा.

मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी तुमच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेईल. मनपाचे कर वगळून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. हस्तांतर अधिमूल्य (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते) मनपा हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. 'डोनेशन' मागितलं तर लेखी मागणी मागा, बहुतेकदा विषय तिथेच मिटतो. बॅचलर मुलांना घर देण्यावरून कमिटीची कुरकुर असते का, ते बयाणा देण्याआधी विचारा. खराडीत निम्मे ग्राहक तेच.

काळा_डगला
करारावर लिहितो, कारण चुका तिथेच होतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. '११ महिन्यांचा आहे, नोटरी पुरे' हे महाराष्ट्रात चालत नाही. वाद झाला आणि करार नोंदवलेला नसला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड.

खर्च फार नाही. समजा भाडं २० हजार, डिपॉझिट ६० हजार, मुदत २४ महिने. एकूण भाडं ४ लाख ८० हजार, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के मानीव व्याज, दोन वर्षांचं १२ हजार. या ४ लाख ९२ हजारांवर ०.२५ टक्के, म्हणजे १,२३० रुपये मुद्रांक. शहरात नोंदणी फी १ हजार. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या नोंदणी होते, एजंटाची फी वेगळी.

करार 'लिव्ह अँड लायसन्स'चाच करा (ठरावीक मुदत राहण्याची नुसती परवानगी, घरावर हक्क नाही). मुदत संपूनही माणूस हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत त्याने बचावाची परवानगी मागितली नाही तर तुमचं म्हणणं मान्य धरलं जातं. दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता बराच जवळचा. स्वतः कुलूप बदलणं, पाणी-वीज तोडणं हे करू नका, खटला तुमच्यावर फिरेल. 'बारा वर्षं राहिला की घर त्याचं' ही भीतीही लायसन्सवर राहणाऱ्याबाबत फोल आहे. तो तुमच्या परवानगीने राहतोय.

कलमांत घालायच्या गोष्टी: लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) किती महिने, दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस, दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढ, राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पोटभाडेकरू नको, क्लास किंवा ऑफिस नको (वीज घरगुती दराची आहे), मेंटेनन्स कोण भरणार. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरा आणि तिची प्रत कराराच्या प्रतीसोबत सोसायटीला द्या.

दुबईकर
मालक परदेशात असेल तर?

काळा_डगला
भाडं एनआरओ खात्यात (परदेशस्थांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) घ्या. भाडेकरूने पहिल्या रुपयापासून टीडीएस कापायचा, सेस धरून ३१.२ टक्के. निवासी मालकाला मात्र महिना ५० हजारांच्या वर भाडं असेल तरच २ टक्के. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यायचं, हे हमखास राहून जातं.

नवा_घरमालक
सगळ्यांचे आभार. दलालाला ५५ सांगून बघतो. शेवटचं: डिपॉझिटवरून भांडणं होतात म्हणतात, ती कशी टाळायची?

सचिव_बी_विंग
किल्ली देताना वस्तूंची यादी करा, कंपनी आणि संख्येसकट: पंखे ३, गीझर १, किल्ल्यांचे जोड २. भिंती, सिंक, कमोड, खिडक्यांच्या जाळ्या यांचा व्हिडिओ घ्या, वीज मीटरच्या आकड्याचा फोटो घ्या, यादीवर दोघांच्या सह्या. रंगासाठी किती कापणार ते करारात रुपयांत लिहा, 'योग्य तो खर्च' असं मोघम नको. सोडताना याच यादीवरून फिरा आणि शेवटचं वीजबिल भरल्याची पावती बघून त्याच दिवशी उरलेले पैसे खात्यावर पाठवा.